पद्मिनीच्या दाराचे पॅड दर पावसाळ्यात का फुगतात : कारण आणि दुरुस्ती

जुन्या गाडीच्या दारांना आतून रेक्झिन मढवलेले जे हार्डबोर्डाचे पॅड असते, ते नवे करून घेतले की आठ-दहा महिने सुरेख दिसते. मग पावसाळा लागतो, आणि श्रावण संपेपर्यंत पॅडची खालची कड बाहेर वाकते, रेक्झिन तीन-चार बोटे सुटून येते, क्लिपांची भोके फाटतात आणि दार उघडताच ओल्या गोणपाटासारखा वास येतो. दिवाळीच्या आधी माणूस पुन्हा कुशनवाल्याच्या दुकानात उभा असतो. माझ्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीवर हा प्रकार सलग तीन वर्षे घडला. पहिल्यांदा पॅड कारागिराकडून करून घेतले होते, दुसऱ्यांदा मी स्वतः केले, आणि तिसऱ्यांदा अधिक महागडे सोल्युशन (रेक्झिन चिकटवण्याचा गोंद) व अधिक जाड रेक्झिन आणून पुन्हा स्वतःच केले. तिन्ही वेळा पॅड अगदी त्याच जागी खराब झाले.

ही 'त्याच जागी' गोष्ट मी फार उशिरा मनावर घेतली. सोल्युशन कमी प्रतीचे असते तर रेक्झिन कुठूनही सुटले असते. बहुधा वरून सुटले असते, कारण उन्हाचा चटका पॅडच्या वरच्या भागाला बसतो आणि आमच्या बडोद्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आत हात लावणे कठीण होते. प्रत्यक्षात वरच्या भागातले रेक्झिन नखाने उचकटूनही निघत नव्हते. खराबी नेहमी तळाच्या चार-पाच बोटांच्या पट्ट्यात आणि विशेषतः बिजागरीकडच्या कोपऱ्यात होत होती. कापड, फोम, सोल्युशन आणि कारागीर बदलले तरी जागा बदलत नसेल, तर दोष त्या वस्तूंमध्ये शोधून उपयोग नाही. तो पॅडच्या मागे आहे असे समजून पॅड उघडले पाहिजे.

गाडी माझ्या काकांची. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरासमोर एका मोठ्या कडुनिंबाखाली ती वर्षानुवर्षे उभी राहत आली आहे, आणि या निंबाचा प्रस्तुत विषयाशी किती जवळचा संबंध आहे ते पुढे येईलच. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. १९६४ पासून ती डिलाइट या नावाने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. नाव बदलले तरी दाराची रचना साठच्या दशकातलीच राहिली : बाहेरचा पत्रा, आतला भोके असलेला पत्रा, मधल्या पोकळीत काच आणि काच वर-खाली करणारे मशीन, आणि आतल्या पत्र्यावर क्लिपांनी बसवलेले पॅड. अँबॅसडरच्या किंवा त्या काळातल्या इतर बहुतेक गाड्यांच्या दारांनाही पुढे लिहिलेले जवळजवळ सगळे लागू पडते.

मूळ गैरसमज असा की, दाराच्या आत पाणी जाताच कामा नये आणि गेले तर रबर खराब आहे. मीही तसेच धरून चाललो होतो, आणि काचेला बाहेरून चिकटून बसणारी रबरी पट्टी दोनदा बदलली. प्रतापनगरकडच्या एका वयस्कर डेंटरला, म्हणजे पत्र्याचे पोचे काढणाऱ्या कारागिराला, मी फुगलेले पॅड दाखवले, तेव्हा त्यांनी पॅडकडे न बघता खाली वाकून दाराच्या तळाशी बोट फिरवले आणि एवढेच म्हणाले, "पाणी तो आवे ज, नीकळवुं जोईए." पाणी तर येणारच, ते बाहेर पडले पाहिजे. दाराची संपूर्ण रचना या एका वाक्यात आहे. काचेवरून ओघळणारे पाणी रबरी पट्टी जास्तीत जास्त अडवते, पण काच हलती असल्यामुळे ते पूर्णपणे कधीच अडत नाही. जे आत शिरते ते बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाने आणि काचेवरून खाली उतरते, दाराच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या भोकांतून रस्त्यावर पडते, आणि या प्रवासात पॅडला त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर, पॅडच्या मागे, एक पाणी न शिरणारा पडदा चिकटवलेला असतो. मूळ गाड्यांत तो मेणकापडासारखा किंवा डांबरी कागदाचा असे, पुढे प्लॅस्टिकचा आला. निचऱ्याची भोके आणि हा पडदा, या दोहोंपैकी एक जरी निकामी झाला तरी पॅड भिजते. माझ्या गाडीत दोन्ही निकामी होते.

पॅड उघडणे अवघड नाही, पण घाईने केले तर नवे काम वाढते. काच फिरवण्याच्या मुठीमागची गोल तबकडी आत दाबली की काही गाड्यांत आडवी पिन दिसते, जी बारीक खिळ्याने ठोकून काढायची असते; काहींत घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप असते आणि ती पातळ फडक्याची कड मुठीमागे घालून मागे-पुढे ओढल्यास टपकन बाहेर येते. ती क्लिप उडून गाडीखाली जाते, म्हणून खाली आधी चादर अंथरावी. हातटेकणीचे स्क्रू काढल्यानंतर पॅड क्लिपांवरच राहते. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. पुट्टी लावायची रुंद पात्याची पट्टी कापडात गुंडाळून प्रत्येक क्लिपच्या अगदी जवळ सरकवावी आणि क्लिप सुटल्यावरच पुढच्या क्लिपकडे जावे. हार्डबोर्ड क्लिपच्या भोकापाशी फाटला की त्या जागी पॅड पुन्हा कधीच नीट बसत नाही.

आता पॅड उलटे करून उजेडात धरावे, कारण खरे निदान तिथे लिहिलेले असते. माझ्या पुढच्या डाव्या पॅडच्या पाठीवर तळापासून चार बोटांवर चहाच्या कपाने उमटावी तशी तपकिरी रेघ होती. तिच्या खाली आणखी दोन फिकट रेघा होत्या, म्हणजे पाणी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या उंचीपर्यंत चढले होते. रेघेखालचा बोर्ड नखाने दाबला तर नख रुतत होते, आणि पुठ्ठ्यासारखे थर सुटत होते. रेघेवरचा बोर्ड टणक होता. क्लिपांच्या खाली गंजाचे ओघळ होते. बिजागरीकडच्या कोपऱ्यात मात्र एक वेगळा, वरून खाली आलेला काळपट पट्टा होता, आणि त्याने मला दुसऱ्या वाटेची सूचना दिली.

डागांचे हे वाचन सविस्तर करण्याचे कारण असे की, पाण्याची प्रत्येक वाट वेगळी खूण ठेवते. आडवी रेघ, फक्त तळाशी आणि फक्त पाठीवर : दारात पाणी साचते आहे, निचरा बंद आहे. आडव्या रेघेशिवाय मध्यभागी, मुठीच्या भोकाच्या खाली ओघळ : पडदा फाटका किंवा गायब आहे आणि काच-मशीनच्या हातावरून थेंब पॅडवर पडत आहेत. पुढच्या कोपऱ्यात उभा पट्टा : पुढच्या तिकोनी काचेचे रबर किंवा तिच्या चौकटीचा खालचा सांधा गळतो आहे. पॅड वरच्या कडेला ओले, शिवाय पायाखालचा गालिचाही ओला : पाणी दाराच्या चौकटीच्या रबरावरून आत येते आहे आणि त्याचा दाराच्या पोकळीशी संबंध नाही. चारही दारांना, दोन्ही अंगांनी, एकाच पातळीवर गढूळ रेघ असेल तर गाडी पुरात उभी होती, आणि ती सर्वस्वी वेगळी दुरुस्ती आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा अशा गाड्या कितीतरी झाल्या. त्यांच्या बाबतीत पॅडच काय, सीट, सीटमधला काथ्या, गालिचा आणि त्याखालचा नमदा सगळे बाहेर काढून वाळवल्याशिवाय पुढचे काही करू नये, आणि जुनी पद्मिनी विकत घेताना ही रेघ जरूर शोधावी.

डागांवरून अंदाज येतो, खात्री पाण्यानेच होते. पॅड काढलेल्या स्थितीत दार बंद करून, काच पूर्ण वर घेऊन, मी बाहेरून तांब्याने काचेवर हळूहळू पाणी ओतले आणि माझी मुलगी टॉर्च घेऊन आत बसली. नळीचा जोरदार फवारा मारू नये, कारण त्या दाबाने चांगले रबरही गळते आणि निष्कर्ष चुकतो. पाऊस जसा ओघळतो तसेच ओतावे. आधी मागच्या बाजूला, मग मधे, शेवटी तिकोनी काचेवर. पहिल्या दोन ठिकाणी पाणी काचेवरून सरळ खाली गेले. तिसऱ्या वेळी मुलगी आतून म्हणाली, "बाबा, इथे पत्र्याला घाम आल्यासारखं दिसतंय." तिकोनी काचेच्या उभ्या दांडीच्या पायथ्याशी थेंब जमत होता, आणि तो पोकळीत न पडता आतल्या पत्र्याच्या पॅडकडच्या अंगाने, म्हणजे नेमका जिथे पॅडची पाठ टेकते तिथे, उतरत होता. त्याच वेळी दाराखाली पाहिले तर जमीन कोरडी. दोन तांबे पाणी दारात गेले होते आणि बाहेर एक थेंब पडला नव्हता. दार हलवले तेव्हा आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला.

निचऱ्याची भोके दाराच्या अगदी तळाशी, दोन पत्रे जिथे दुमडून मिळतात त्या कडेच्या आत असतात. खाली झोपून बघितल्याशिवाय ती दिसत नाहीत. माझ्या गाडीचे पाच वर्षांपूर्वी रंगकाम झाले तेव्हा ज्या गॅरेजने ते केले त्यांनी तळाची कड गुळगुळीत दिसावी म्हणून पुट्टी फिरवली आणि वर गंजरोधक काळा थर मारला. काम दिसायला स्वच्छ होते, पण त्यामुळे सगळी भोके बुजली. पॅडचा त्रासही त्याच पावसाळ्यापासून सुरू झाला, हा संबंध मला त्या वेळी जोडता आला नाही. रंगकाम करून घेणाऱ्या प्रत्येकाने गाडी ताब्यात घेण्यापूर्वी दारांच्या तळाची भोके बोटाने तपासावीत, ही विनंती मी आवर्जून करतो.

भोके मोकळी करण्यासाठी ड्रिल वापरू नये. ड्रिलचे पाते भोकाची कड उघडी पाडते आणि उघड्या पत्र्याला पुढच्याच पावसात गंज धरतो. मी सायकलच्या चाकाची तार टोकाशी किंचित वाकवून घेतली, खालून वर घातली आणि फिरवत राहिलो. आधी पुट्टीची पापडी निघाली, मग काळसर पाणी, आणि त्यामागून जे आले ते पाहून निंबाखालच्या इतक्या वर्षांचा हिशेब समोर आला : कुजलेली पाने, काड्या, मोहोराचा भुगा आणि चार-पाच लिंबोळ्यांच्या बिया, या सगळ्याचा मऊ काळा लगदा. चार दारांतून मिळून ओंजळभर निघाला. हा लगदा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ऊन पडले तरी दाराचा तळ आठवडाभर ओला राहतो. पॅड खालून भिजते आणि पत्राही आतून गंजतो. वरून पाणी ओतून तळ धुवावा, बारीक ब्रशने कोपरे खरवडावेत, दोन दिवस दार उन्हात उघडे ठेवावे, आणि पूर्ण वाळल्यानंतर तळाच्या दुमडीत गंजरोधक मेणाचा फवारा मारावा. तो मारल्यावर तार पुन्हा एकदा भोकांतून फिरवायची, नाहीतर मेणानेच ती बुजतात. मी हे विसरलो होतो आणि एका दाराचे काम परत करावे लागले.

तिकोनी काचेचे रबर मूळ आकाराचे मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास, रबर काठोकाठ तडकलेले नसेल तर ते काढून साबणाच्या पाण्याने धुवावे, खाच स्वच्छ करावी आणि दांडीच्या पायथ्याशी ब्युटाइल या चिकट रबराची दोरी दाबून बसवावी. ब्युटाइल कायम मऊ राहते आणि पुढे सोडवताही येते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन इथे मुळीच वापरू नये. ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि त्या आम्लाने उघडा पत्रा गंजतो.

आता पडद्याविषयी, कारण या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू तीच आहे. जुना पडदा फाटका, चिकट आणि मळका असतो, म्हणून पॅड करणारा कारागीर तो ओढून टाकून देतो, आणि नवा बसवायला कोणी सांगत नाही म्हणून बसवत नाही. तीन वेळा पॅड करूनही माझ्या एकाही दाराला पडदा नव्हता, यात दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळची जबाबदारी माझी आहे. पडद्यासाठी साधारण २०० मायक्रॉनचे पॉलिथिन पुरते. बांधकामावर जमिनीत अंथरतात ते चालते. पातळ पिशवीचे प्लॅस्टिक मुठीच्या घर्षणाने फाटते. आतल्या पत्र्याच्या आकारापेक्षा सगळीकडून तीन बोटे मोठा तुकडा कापावा, वर आणि दोन्ही बाजूंना ब्युटाइलच्या पट्टीने सलग चिकटवावा, मधे कुठेही खंड राहू देऊ नये. काच-मशीनचा दांडा आणि दार उघडण्याची तरफ जिथून बाहेर येतात तिथे मोठी भोके न कापता ब्लेडने छोटी फुली मारावी, म्हणजे प्लॅस्टिकची टोके दांड्याला बिलगून राहतात. शिवाय तिथे पडदा ताणून न बसवता थोडा ढिला ठेवावा.

खालची कड मात्र चिकटवण्याआधी विचार करावा. पडद्याच्या मागून ओघळणारे पाणी कुठे जावे? ते परत दाराच्या पोकळीत जावे, म्हणून पडद्याचे खालचे टोक आतल्या पत्र्याच्या सर्वांत खालच्या मोठ्या भोकातून किंवा फटीतून आत सोडावे, आणि मगच त्या भोकाच्या वरच्या बाजूने नव्हे तर खालच्या आणि दोन्ही अंगांच्या कडेने पट्टी दाबावी. घराच्या छपरावर कौले लावताना वरचे कौल खालच्यावर चढवतात, तोच न्याय. खालचे टोक पत्र्याच्या बाहेर लोंबत ठेवले तर पडदा जमवलेले सगळे पाणी नेमके पॅडच्या तळाशी आणून सोडतो, आणि पडदा लावूनही पॅड भिजते. ज्यांनी दारात स्पीकर बसवले आहेत त्यांनी स्पीकरच्या मागेही प्लॅस्टिकची वाटी किंवा पडद्याचा फुगा ठेवावा. स्पीकरचे भोक म्हणजे पडद्याला पाडलेले सर्वांत मोठे छिद्र असते.

एवढे झाल्यावर पुन्हा तांब्याने पाणी ओतावे. पडद्याच्या गाडीकडच्या अंगाला कोरडा वर्तमानपत्राचा कागद टेकवून ठेवला तर बारीकशी गळतीही कागदावर लगेच दिसते. दाराखाली जमिनीवर पाण्याची धार दिसली पाहिजे. ती पाहून मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

त्यानंतर पॅड. हार्डबोर्ड म्हणजे दाबून बसवलेला लाकडाचा तंतू. त्याचा चकचकीत पृष्ठभाग पाणी बऱ्यापैकी अडवतो, पण कापलेली कड वातीसारखे पाणी ओढते, आणि क्लिपचे प्रत्येक भोक ही एक कापलेली कडच असते. म्हणून ३ मिलिमीटरचा चांगला हार्डबोर्ड कापून, सगळी भोके पाडून झाल्यावर, त्याला दोन्ही अंगांनी पॉलियुरेथेन वॉर्निशचे किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत आणि कडांना व भोकांना तिसरा हात द्यावा. हात देऊन मग भोके पाडली तर सगळे श्रम वाया जातात. पर्याय म्हणून आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लाय पातळ मिळाल्यास ते अधिक टिकाऊ आहे, मात्र दाराच्या किंचित वळणावर ते हार्डबोर्डाइतके सहज वळत नाही. काही जण जाहिरातीच्या फलकांसाठी वापरतात तो पीव्हीसीचा फोमशीट घेतात. तो पाणी पीत नाही हे खरे, पण पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते आणि उन्हात तापलेल्या गाडीत क्लिपांपाशी ते ताणले जाते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी ते सुचवणार नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड, तर नकोच.

साचा काढताना एक चूक हमखास होते. फुगलेले जुने पॅड नव्या बोर्डावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली की नवे पॅड मोठे होते, कारण भिजलेला बोर्ड जाडीने वाढतो तसाच लांबी-रुंदीनेही थोडा पसरतो. शिवाय क्लिपांची भोके दोन-तीन मिलिमीटर सरकलेली असतात. समोरच्या बाजूच्या दाराचे पॅड चांगले असेल तर ते उलटे ठेवून आखावे, कारण डावे-उजवे एकमेकांचे प्रतिबिंब असते. दोन्ही खराब असतील तर दाराच्या पत्र्यावरच जाड कागद चिकटपट्टीने लावून, बोटाने दाबून क्लिपांची भोके उमटवून घ्यावीत.

फोमच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. पॅडमध्ये सर्रास वापरला जाणारा स्पंजी फोम उघड्या छिद्रांचा असतो, पाणी शोषतो, आणि दमट उष्णतेत काही वर्षांनी त्याचा पिवळा भुगा होतो. रेक्झिन बोर्डापासून सुटले असे जे आपल्याला वाटते, तिथे पुष्कळदा रेक्झिन आणि बोर्ड दोघांनाही सोल्युशन घट्ट चिकटलेले असते आणि मधला फोमच फाटलेला असतो. सुटलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना हात फिरवून पाहावे : दोन्हीकडे फोमची साल लागत असेल तर सोल्युशनला दोष देऊ नये. बंद छिद्रांचा ५ मिलिमीटरचा ईव्हीए फोम वापरावा, आणि तोही तळाच्या चार बोटांच्या पट्ट्यात लावूच नये. तिथे रेक्झिन थेट बोर्डावर बसवले तर दिसण्यात फारसा फरक पडत नाही.

सोल्युशनसाठी उष्णता सहन करणारा प्रकार मागून घ्यावा आणि रेक्झिनच्या मागच्या कापडाला व बोर्डाला, दोन्हींना पातळ हात द्यावा. पीव्हीसीचे रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळलेली असतात; ती कालांतराने बाहेर येतात आणि साध्या रबरी सोल्युशनला मऊ, चिकट करून टाकतात. कापडी अस्तर जाड असलेले रेक्झिन घेतल्यास हा त्रास पुष्कळ उशिरा होतो, म्हणून दुकानात समोरचा रंग आणि दाणे बघण्याआधी मागची बाजू बघावी. हात दिल्यावर बोट लावून तार सुटेनाशी होईपर्यंत थांबावे. साधारण दहा ते पंधरा मिनिटे लागतात. पावसाळी हवेत हे काम करू नये. सोल्युशनमधला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि दुधासारखी अंधुक साय दिसते. त्या सायीवर चिकटवलेले रेक्झिन पुढच्या उन्हाळ्यात सुटते. माझे तिसरे पॅड मी जुलैमध्ये केले होते. आता मी दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस निवडतो, अंगणात काम करतो, आणि जवळपास दिवा, उदबत्ती किंवा शेगडी नाही हे पाहतो, कारण त्या वाफा पेट घेतात आणि बंद खोलीत डोकेही धरते.

रेक्झिन कडेवरून मागे दोन बोटे दुमडावे, ताणू मात्र नये. ताणलेले रेक्झिन तापले की आकसते आणि स्वतःलाच सोडवून घेते. कोपऱ्यात पाकळीसारख्या चुण्या घालून जास्तीचे कापावे. स्टेपल मारायचेच असतील तर स्टेनलेस स्टीलचे आणि बोर्डाच्या जाडीपेक्षा आखूड पायांचे मारावेत. शिलाईच्या रेघा हव्या असतील तर पॉलिस्टरचा दोरा वापरावा, कारण सुती दोरा ओल धरतो आणि कुजतो. तळाच्या पट्ट्यात शिलाई उतरवू नये.

हे काम मी गेल्या वर्षी कार्तिकात चारही दारांवर पूर्ण केले. या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीनंतर, मग आषाढाच्या शेवटी, आणि पुन्हा गणपतीत, अशी तीन वेळा पुढची दोन पॅड खालच्या तीन क्लिपांपुरती उचलून बघितली. पॅड आणि पडदा यांच्यामध्ये मी वर्तमानपत्राची घडी सरकवून ठेवली होती. डाव्या दारातली घडी तिन्ही वेळा कोरडी निघाली आणि उघडताना कडक आवाज झाला. उजव्या दारातल्या घडीच्या पुढच्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढा ओला डाग आहे. तिथे तिकोनी काचेचे जुनेच रबर ठेवले होते, ते आता बदलायचे आहे. पॅडला अजून काही झालेले नाही, आणि निंबाची पाने गळू लागण्याआधी तळाची भोके तारेने एकदा साफ करून ठेवली आहेत.